वाचक विचारतात : जागा, भाडं आणि कागद

प्रश्न (एरंडोल) : जळगावजवळ एका जिरायत वावराचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे विकताहेत. ‘एनए (बिनशेती) होणारच आहे. तोवर नोटरी करा, मग सातबाऱ्यावर दहा जणांची सामाईक नावं लावू,’ असं एजंट म्हणतो. भाव एनए प्लॉटच्या निम्मा आहे. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका. भाव निम्मा आहे, कारण हातात निम्मंही येत नाही. नोटरीच्या कागदाने जमिनीची मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं.

दहाच नावं का, तेही बघा. 2023 च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायतीचं किमान क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे. दहा जणांचे मिळून 20 गुंठे झाले की तुकडेबंदीची (किमान क्षेत्राहून लहान तुकडा न विकण्याची) अट कागदावर भागते. पण तुमच्या दोन गुंठ्यांचा वेगळा पोटहिस्सा पडत नाही, चतुःसीमा ठरत नाही, बँक कर्ज देत नाही आणि पुढे विकताना बाकीचे नऊ जण आडवे येऊ शकतात. शिवाय शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं.

‘होणारच’ या शब्दाची परीक्षा सोपी आहे. गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढा. जमीन शेती विभागात निघाली तर बोलणं तिथेच थांबवा. रहिवास विभागात असेल तर मंजूर ले-आउटचा नकाशा, सनद (बिनशेती वापराचा सरकारी दाखला) किंवा एनए आदेश आणि प्लॉटचा स्वतंत्र उतारा मागा. ले-आउट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा (बांधकाम-प्लॉट प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर हवाच. नकाशा हातात धरून जागेवर उभे राहा. ओपन स्पेसमध्येच, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत, प्लॉट पाडून विकण्याची चलाखी फक्त तिथेच कळते. सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ हा रकानाही वाचा. विकास सोसायटीचा बोजा तिथे दिसतो. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी, करून घ्या.

प्रश्न (भुसावळ) : आठ लाखांचा प्लॉट घेऊन बारा लाखांत चार खोल्या बांधायच्या आणि प्रत्येकी अडीच हजारांनी द्यायच्या, असा विचार आहे. जमीन काळी आहे. परवडेल का?

उत्तर : आधी हिशोब करू. महिन्याला 10,000, म्हणजे वर्षाला 1,20,000. प्रत्येक खोली वर्षात महिनाभर रिकामी राहिली असं धरून 10,000 वजा करा. घरपट्टी, रंग, नळ-मोटर यांचे 15,000 काढा. उरले 95,000, म्हणजे वीस लाखांवर पावणेपाच टक्के. एवढं तर बँकेतली ठेवही देते. जागेचा भाव वाढेल या भरवशावरच हा व्यवहार उभा आहे, हे समजून उतरा.

आता काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते; मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया उथळ राहिला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात, आणि मग प्लास्टर कितीदाही करा. सौदा ठरवण्याआधी जेसीबीने आठ फुटांचा खड्डा घ्या. पाच-सहा फुटांवर मुरूम लागला तर फुटिंग (खांबाखालचा पाया) तिथवर न्या, वर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीची काँक्रीटची तुळई) बांधा. नाही लागला तर इंजिनिअरकडून अंडर-रीम पाइलचा (तळाशी फुगीर, जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) अंदाज घ्या आणि तो खर्च जागेच्या भावातून कमी करायला सांगा. जोत्यात खोदलेली काळी माती परत भरू देऊ नका. गवंडी वाहतूक वाचवायला हेच करतात. तिथे मुरूम भरून, पाणी मारून ठोकून घ्या. भोवती तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा करा आणि मोरीचं पाणी पायापासून लांब काढा.

वीजमीटर प्रत्येक खोलीला वेगळं घ्या. एकाच मीटरवर चार बिऱ्हाडं आली की युनिट वरच्या दराच्या टप्प्यात जातात, आणि उन्हाळ्यात कूलर लागले की भांडण ठरलेलं.

प्रश्न (धुळे) : अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवावा लागत नाही ना?

उत्तर : लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि जबाबदारी घरमालकाची आहे. नोंद नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ‘लिव्ह अँड लायसन्स’ (ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याचा) करार नोंदलेला असेल तर मुदत संपूनही खोली न सोडणाऱ्याकडून कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते. अशा कराराला मुद्रांक एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, नोंदणी फी शहरात 1000, ग्रामीण भागात 500 रुपये. ऑनलाइन होतं.

प्रश्न (शहादा) : आदिवासी खातेदाराची जमीन मुखत्यारपत्रावर स्वस्तात मिळते आहे. घेऊ का? मी बिगरआदिवासी आहे.

उत्तर : नाही. महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे शासनाच्या पूर्वमान्यतेने दिलेली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नसेल तर असा व्यवहार टिकत नाही. मुखत्यारपत्राने ती अट चुकत नाही. जमीन मूळ मालकाकडे परत जाते आणि तुमचे पैसे अडकतात. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर तिथेही आधी परवानगीचा आदेश बघा, मगच विसार द्या.