कोसला आवडली नाही तर काय बिघडलं?

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहिलं आणि पस्तावले. म्हणजे पस्तावले नाही खरं तर, पण पत्रांचा गठ्ठा बघून दडपले. लिहिलं होतं की 'ययाती' मला एका बैठकीत कधी वाचता आली नाही, मध्येच उपदेश सुरू होतो आणि मी उठून चुलीवरचा भात बघायला जाते. झालं. त्या एका भातावर २१ पत्रं. सगळी छापली तर संपादक मला पानावरून उठवतील, म्हणून निवडक घेतलीयत. उत्तरं नेहमीसारखीच, माझी स्वतःची, समीक्षकांची नव्हेत. गावातलं वाचनालय २६ वर्षं संध्याकाळी ५ ते ७ सांभाळलं एवढीच माझी पदवी.

"बाई, मराठीला पहिलं ज्ञानपीठ 'ययाती'मुळे मिळालं आणि तुम्हाला भात आठवतो? खांडेकर शिरोड्याला मास्तर होते, पेडण्याच्या माणसाला ते घरचेच वाटतात. थोडा मान राखा." (निवृत्त मास्तर, पेडणे)

मान आहेच हो मास्तर. ज्ञानपीठ १९७४ चं, आणि शिरोडं म्हणजे आपलं फोंड्याकडचं नव्हे तर तेरेखोल ओलांडून पलीकडचं, तिथं त्यांनी इतकी वर्षं शाळा सांभाळली, हे सगळं मला माहीत आहे. देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते, ययाती बोलतो, ही रचना तर मला आवडतेच, देवयानीचा राग तर फारच. पण कच तोंड उघडतो ना, तेव्हा मला प्रार्थनेनंतर मैदानात उन्हात उभं राहून ऐकलेलं हेडमास्तरांचं भाषण आठवतं, पाय दुखायला लागतात. आता काय करू?

"मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात कोसला वाच, कोसला वाच, आयुष्य बदलेल. तीनदा सुरू केली, तीनदा सोडली. मला कळत नाही की मी मूर्ख आहे की बाकीचे नाटक करतायत." (एक विद्यार्थिनी, साखळी)

दोन्ही नाही गं. आणि बाकीच्यातले थोडे नाटक करतातच, ते सोड.

मी कोसला पहिल्यांदा तुझ्याच वयात हातात घेतली. पणजीला कॉलेजात होते, वर्गातल्या एका मुलानं दिली होती, तो स्वतःला कोसलाचा नायक पांडुरंग सांगवीकर समजायचा, दाढी वाढवली होती, आणि मला वाटलं की हे पुस्तक म्हणजे अशा मुलांनी अशा मुलांसाठी लिहिलेलं आहे. चाळीस पानांत ठेवली. पुण्यातलं हॉस्टेल, मेस, सेक्रेटरी होणं, पैसे उडवणं, ह्यात माझं काय होतं? मी रोज संध्याकाळची कदंबा बस पकडून डिचोलीला घरी जाणारी मुलगी, मला हॉस्टेल म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. भालचंद्र नेमाड्यांनी ती १९६३ साली, पंचविशीत असताना काढली, हे तेव्हा कळलं असतं तरी मी म्हटलं असतं की हो, दिसतंच ते.

मग मधली दहाएक वर्षं गेली, लग्न झालं, माझा भाऊ गेला. ते इथं सांगत नाही. वाचनालयात कोसलाची प्रत होती, कुणी नेत नव्हतं, मी एकदा बसमध्ये चाळायला म्हणून घेतली आणि मधूनच उघडली आणि नेमकं मनीचं आलं. पांडुरंगची छोटी बहीण. ती जाते, आणि तो ज्या पद्धतीनं ते सांगतो, म्हणजे रडत नाही, ओरडत नाही, भलतंच काहीतरी बोलत राहतो, फालतू तपशील, हिशेब, राग, आणि मध्येच एकदम कळतं की हा माणूस आतून फुटलाय. मी वाचत होते, डिचोली गेलं, मला पत्ता नाही. कंडक्टर येऊन म्हणाला, "बाय, तूं देंवना?" (उतरत नाहीस का?) तोवर साखळी आली होती. परतीची बस अर्ध्या तासानं, त्या अर्ध्या तासात साखळीच्या स्टँडवर बसून मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली आणि ह्या वेळी हॉस्टेलचं सगळं विनोदी वाटलं, आणि विनोदाच्या खालचं पण दिसलं.

म्हणून तुला सांगते, तीनदा सोडलीस तर चौथ्यांदा घेऊ नकोस. ठेव. आवडली नाही असं वर्गात सरळ सांग, मार्क कापले तर कापू देत. आणि एक, अजूनही मला ती पूर्ण आवडत नाही हां. बायका त्यात फार लांबून दिसतात, आई, बहिणी सोडल्या तर जवळजवळ नाहीतच. हे मी कुठल्या परिसंवादात बोलले तर मारतील, इथं बोलते.

तोवर 'बनगरवाडी' वाच. माडगूळकरांची, १९५५ ची. धनगरांच्या वाडीत एक पोरगेला मास्तर येतो, आणि पुढं दुष्काळ पडतो. एवढंच आहे आणि एका दुपारी संपते. त्यातली मेंढरं, धूळ, न बोलणारी माणसं, सगळं असं दिसतं की आपल्या हिरव्यागार गोव्यात बसून घशाला कोरड पडते.

"मुलगा दहावीत. अभ्यास सोडून नारायण धारपांची भुतांची पुस्तकं वाचतो आणि रात्री लाईट चालू ठेवून झोपतो. बिल कोण भरणार? हे वाचन म्हणायचं का?" (एक आई, वास्को)

वाचनच म्हणायचं, दुसरं काय. आमच्याकडे जी पुस्तकं शिवण सुटेपर्यंत फिरली त्यात धारप पहिले, वि. स. खांडेकर आणि ना. सी. फडके नंतर.

मी स्वतः 'लुचाई' जूनमध्ये वाचली, ही चूक कुणी करू नये. सासरचं जुनं घर, मध्ये राजांगण, वीज गेलेली, मेणबत्तीवर वाचत होते आणि मागच्या दारी माडाचं चुडत धप्पकन पडलं. मी जी किंचाळले ती सासूबाई अजून सांगतात. नंतर बऱ्याच वर्षांनी कळलं की ते स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून घेतलेलं आहे, तेव्हा फसवल्यासारखं वाटलं, दोन दिवस धारपांवर रागावले. मग पुन्हा वाचली, आणि राग गेला. कथा तिकडची असेल, पण ते घर, तो अंधार, ती माणसांची बोलणी, हे सगळं इथल्या मातीतलं करून घ्यायला हात लागतो. मात्र मूळ कुणाचं ते पुस्तकावर मोठ्या अक्षरात असायला पाहिजे, हे माझं मत कायम.

मुलाला परीक्षा झाल्यावर जयंत विष्णू नारळीकर द्या. त्यांची पहिली विज्ञानकथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली होती, नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळालं. हे सांगितलंत की मुलगा पुस्तक उघडेल. माणसं रंगवण्यात ते कच्चे आहेत, सगळे शास्त्रज्ञ एकाच सुरात बोलतात, पण कल्पना अशी टाकतात की भूत विसरायला होतं. बिलाचं तुम्ही बघा.

"मृत्युंजय वाचून मी ढसाढसा रडलो. तुम्ही रडलात की भात बघितला?" (एक टॅक्सीवाला, म्हापसा)

रडले! वय वर्षं सतरा. आमच्या प्रतीत तर कुणीतरी पेन्सिलीनं पानोपानी "खरंय!" लिहून ठेवलेलं, आणि शेवटची पानं पाणी पडून फुगलेली, आसवं की आमचं गळकं छप्पर ते देव जाणे.

पण भाऊ, त्याच १९६७ साली इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आलं, ती कादंबरी नव्हे, पण तुम्ही वाचाच. मृत्युंजयवाले शिवाजी सावंत कर्णाला जवळ घेतात, इरावतीबाई त्याला समोर बसवून विचारतात की बाबा, भर सभेत द्रौपदीला तू काय म्हणालास ते सांग. ते वाचल्यावर मृत्युंजय मला पूर्वीसारखी वाचता येत नाही, भाषेची आरास जास्त दिसायला लागते. वृषालीचा भाग मात्र अजून धरतो. पॅसेंजरची वाट बघत एअरपोर्टवर बसायचं असेल तर युगान्त बरं, लेख सुटे आहेत.

"दुनियादारी?" (नाव नाही, गाव नाही, एवढंच पोस्टकार्ड)

विसाव्या वर्षी जीव की प्राण. आता दहा पानं. सिनेमा येण्याआधी वाचली होती एवढी शेखी मात्र मिरवते.

"जी. ए. कुलकर्णी समजत नाहीत. कुठून सुरू करू?" (बँकेत नोकरी, फोंडा)

'काजळमाया'पासून करू नका, सगळे तिथंच सुरू करतात, साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालेलं आणि त्यांनी ते परत केलेलं म्हणून. त्यातली 'विदूषक' माझ्याही डोक्यावरून गेली पहिल्या वेळी, आणि दुसऱ्या वेळीही अर्धी. 'पिंगळावेळ'मधली 'कैरी' काढा आधी. एक लहान मूल आणि एक मावशी. समजायचं असं काही नाहीच त्यात, फक्त पोटात गोळा येतो. जीए बेळगावकडचे, राहिले धारवाडला, म्हणजे चोर्ल्याच्या घाटातून रोज आपली भाजी येते त्याच बाजूचे, आणि तिकडच्या घरांचा तो अंधारा सोपा, ओला वास आपल्याला परका वाटत नाही. बक्षीस, नियती, तत्त्वज्ञान हे नंतर.

"गोव्यावरची चांगली कादंबरी सांगा. पण त्यात बीच, फेणी आणि गिटार नको." (एक वाचक, मडगाव)

हे पत्र मी फ्रिजवर लावलंय.

आधी एक बोलते. मराठीतल्या पुष्कळ कथाकादंबऱ्यांत गोवा येतो तो दोन दिवसांच्या ट्रिपसारखा. नायक दुःखी झाला की गोव्याला येतो, समुद्राकडे बघतो, परत जातो. आम्ही इथं दळण आणतो, गॅसची वाट बघतो, ते कुणाला दिसत नाही. अपवाद आहेत, लक्ष्मणराव सरदेसायांच्या कथा मिळाल्या तर सोडू नका, आतल्या माणसानं लिहिलेल्या आहेत.

पण खरं सांगू, सगळ्यात चांगलं मला कोंकणीत सापडलं. आता लगेच कोंकणी-मराठी भाषावादाची पत्रं पाठवू नका, १९८७ पासून ती येतायत. देवनागरीत आहे, घरी आपण तेच बोलतो, वाचायला लाज कसली. दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' घ्या. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतली बाई, पोटासाठी कुवेतला आया म्हणून जाते. गल्फचा पैसा आला की घराला रंग लागतो, नवीन बाथरूम होतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय, तो पैसा कमावणारीचं काय होतं ते मावजो दाखवतात, आणि तिला बिचारी करत नाहीत. १९८३ चा अकादमी पुरस्कार, पुढं ज्ञानपीठही झालं त्यांना. मला अजून एकच खटकतं, काही ठिकाणी तिच्या वाट्याला एकामागून एक इतकं येतं की थांबा हो म्हणावंसं वाटतं.

दुसरी पुंडलिक नायकांची 'अच्छेव', १९७७ ची. खाण येते आणि गाव कसं आतून पोखरलं जातं ते. ही मी वाचनालयाच्या टेबलावर बसून वाचली, आणि बाहेरून ट्रक चालले होते, एकामागून एक, आणि आमच्याकडे सगळ्या पुस्तकांच्या वरच्या कडा लाल असायच्या. फडक्यानं पुसलं तर लाल चिखल व्हायचा, म्हणून कोरडा ब्रश ठेवलेला. पुस्तक बंद केलं तर बोटांचे ठसे लाल, पुस्तकात तीच माती, टेबलावर तीच. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा धूळ गेली आणि वर्गणीही गेली, कारण निम्म्या सभासदांची घरं ट्रकवर चालायची. ते दुसऱ्या बाजूचं दुःख कुणी लिहिलेलं मला अजून मिळालेलं नाही, मिळालं तर कळवा.

तिसरी हवीच असेल तर महाबळेश्वर सैलांची 'तांडव', मराठीत आहे, सोळाव्या शतकातल्या धर्मांतराची. जड आहे, सलग वाचू नका. मी मध्ये आठवडाभर ठेवली होती.

"मुलगा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच बोटीवर जातोय. मराठी एकच पुस्तक न्यायचं म्हणतो, बॅगेत जागा नाही. कुठलं देऊ?" (एक बाबा, हरमल)

'रणांगण' द्या. विश्राम बेडेकरांची एकुलती एक कादंबरी, १९३९ ची. बारीकशी आहे, मोज्यांच्या जोडीत बसेल. अख्खी गोष्ट बोटीवरच घडते, युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, हिटलरच्या जर्मनीतून पळालेली ज्यू माणसं, आणि त्यातली हेर्टा आणि आपला चक्रधर. युद्ध सुरू व्हायच्या आसपासच लिहिलेलं, आणि तरी कुठं भाषण नाही. भात करपला माझा हे वाचताना, खरंच करपला, घरच्यांना विचारा.

मुलाला फक्त एवढं सांगा की शेवटची पंधरा-वीस पानं भर समुद्रात, रात्रीच्या ड्युटीनंतर एकट्यानं वाचायची नाहीत. बंदराला लागल्यावर, तुम्हाला फोन करून झाल्यावर वाचायची.