७७ केल्विनपर्यंतचीच मोजणी घेऊन इस्कॉमला जावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नांदेडला पीएचडी चालू आहे, टीटीएफ या सेंद्रिय रेणूच्या एका क्षाराचे नवे क्रिस्टल हाती आलेत, त्यांचा विद्युतरोध द्रव नायट्रोजनपर्यंत, म्हणजे ७७ केल्विनपर्यंत मोजून झालाय, त्याखाली जायला लागणाऱ्या द्रव हेलियमची सोय नाही. तुम्हाला सेंद्रिय वाहक, अतिवाहक आणि चुंबकांवरच्या इस्कॉम या आंतरराष्ट्रीय परिषदेला ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा सारांश पाठवायचाय. गाईड म्हणतात, 'तिथं आपल्याला कोण विचारतंय? शेजारच्या कॉलेजात दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र आहे, तिथं पेपर वाचा, सर्टिफिकेट मिळेल.'

पाठवा. गाईडचा मान राखून, पण पाठवा.

या विषयात ज्याच्याकडे चांगले क्रिस्टल, त्याला विचारणारे भेटतात. १९८०ची गोष्ट घ्या. पहिला सेंद्रिय अतिवाहक सापडला तो टीएमटीएसएफ या टीटीएफच्याच भाऊबंद रेणूच्या क्षारात, सुमारे १२ किलोबार दाबाखाली आणि ०.९ केल्विनला. क्रिस्टल कोपनहेगनच्या क्लाउस बेखगार्ड यांचे, मोजमाप पॅरिसजवळच्या ओर्से इथं देनी जेरोम यांच्या गटाचं. करणारा एक, मोजणारा दुसरा, ही रीत तेव्हापासूनची आहे आणि आजही तशीच आहे. ज्यांच्याकडे मोठे मॅग्नेट आणि शून्य केल्विनच्या जवळ नेणारे डायल्यूशन फ्रिज आहेत ते नव्या क्रिस्टलच्या शोधातच असतात. त्यात ही परिषद बऱ्याचदा भरते आडगावी. २००९ला जपानातलं निसेको, २०१५ला जर्मनीतलं बाड ग्योगिंग, २०१९ला पोर्तुगालमधलं तोमार. माणसं मोजकी, जेवण-राहणं जवळजवळ एकत्र. मोठ्या शहरातल्या हजारो लोकांच्या परिषदेत तुमच्या पोस्टरसमोरून लोक चहाकडे निघून जातील, इथं तसं होत नाही.

आता ॲब्स्ट्रॅक्टबद्दल, कारण खरी गोची तिथं आहे. '७७ केल्विनपर्यंत रोध उतरत गेला' एवढंच लिहा. 'आमचा पदार्थ धातू आहे' असं लिहू नका. टीटीएफच्याच गाजलेल्या क्षाराचं, टीटीएफ-टीसीएनक्यूचंच बघा. १९७३ला त्यावर एवढी धूम उठली, तो ७७ केल्विनपर्यंत अगदी शहाण्या धातूसारखा वागतो. वाहकता वाढतच जाते. मग ५४ केल्विनला पायर्ल्स संक्रमण होतं, म्हणजे रेणूंच्या रांगांची रचनाच बदलते, आणि खाली तो चक्क विद्युतरोधक बनतो. नायट्रोजनवर पंप लावून तुम्ही ६३ केल्विनपर्यंत उतराल, त्याखाली तो गोठतो. म्हणजे आपल्याकडच्या साधनांनी हे संक्रमण दिसणारच नाही. समोरच्याला हे पाठ असतं, त्यामुळे तुम्हाला पहिला प्रश्न येणार तो हाच: ७७च्या खाली काय होतं? दुसरा प्रश्न: क्रिस्टलच्या कोणत्या अक्षावर मोजलं? पावडर दाबून केलेल्या पेलेटवर मोजलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. पेलेटमध्ये कणांच्या सीमाच रोध ठरवतात आणि धातूही अर्धवाहकासारखा दिसतो.

आलेखात मधेच रोधानं उडी मारली असेल तर लगेच फेजबदल म्हणून मिरवू नका. बहुतेक वेळा क्रिस्टलला तडा गेलेला असतो नाहीतर कार्बन पेस्टनं चिकटवलेली सोन्याची तार सुटत असते. तापवताना तीच रेघ परत मिळते का ते पाहा. मिळाली तरच तो आकडा पोस्टरवर जाऊ द्या.

चुंबकत्व मोजायला देणार असाल तर एक बारीक गोष्ट: नमुना स्टीलच्या स्पॅट्युलानं उचलू नका, प्लास्टिकचा वापरा. निव्वळ सेंद्रिय लोहचुंबक म्हणून १९९१ला जो नायट्रोनिल नायट्रॉक्साइड गाजला, त्याचं क्रमतापमान, म्हणजे ज्याखाली तो चुंबक बनतो ते तापमान, ०.६ केल्विन होतं. तुमच्या नमुन्यात खोलीच्या तापमानाला चुंबकत्व दिसलं तर आनंदाआधी लोखंडाचा कण शोधा.

क्रिस्टल अजून मोठे हवेत असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडं त्याचे दोन वैरी. पहिली वीज. द्रावणातून बारीकसा प्रवाह सोडून प्लॅटिनमच्या तारेवर क्रिस्टल वाढायला आठवडे लागतात, आणि तेवढ्यात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहेच. बोअरची मोटर सुरू झाली की व्होल्टेजही नाचतं. महागडा करंट सोर्स बाजूला ठेवा. नऊ व्होल्टची साधी बॅटरी आणि दहा मेगाओहमचा रेझिस्टर जोडला की एक मायक्रोअँपियरच्या आतला प्रवाह मिळतो, महावितरणशी संबंधच उरत नाही. दुसरा वैरी ऊन. द्रावक म्हणून वापरतात ते डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या आतच उकळतं, आणि मे महिन्यात आपली लॅब दुपारी तिथंच पोचलेली असते. उन्हाळ्यात क्लोरोबेंझिन वापरून बघा, नाहीतर हा उद्योग थंडीसाठी राखा. क्रिस्टल वाढवायचा सेल ट्रकच्या रस्त्याकडच्या भिंतीला टेकून ठेवू नका, हादरे बसतात. आणि वाढत असताना रोज उचलून बघायचा मोह आवरा!

द्रव नायट्रोजन संपला की थेट संभाजीनगर गाठायची गरज नाही. गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्या त्यातच ठेवतात, त्यामुळे पशुसंवर्धनवाल्यांना पुरवठादार ठाऊक असतो. हेलियमसाठी इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्राकडे अर्ज करा. विद्यापीठांच्या संशोधकांसाठीच ते आहे, आणि ४.२ केल्विनपर्यंतची एक रेघ मिळाली तर ॲब्स्ट्रॅक्टचं वजन पार बदलतं. ती नाही मिळाली तरी पाठवायचं थांबू नका.

पैशाचं: संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या दोन संस्था, म्हणजे सीएसआयआर, आणि जुन्या सर्बच्या जागी आलेलं एएनआरएफ, यांचे प्रवास अनुदानाचे त्या वर्षीचे नियम बघा. विद्यार्थ्यांसाठी शुल्क कमी असतं का, सवलत मिळेल का, हे आयोजकांना सरळ मेल करून विचारा. लाजायचं कारण नाही, जगभरचे विद्यार्थी विचारतात.

गाईडना चर्चासत्राला नाही म्हणू नका. तिथं वाचा, सर्टिफिकेट घ्या, त्यांची फाइल पूर्ण होऊ द्या. मात्र इस्कॉमच्या ॲब्स्ट्रॅक्टवर त्यांचं नाव घालून मसुदा त्यांच्या हातात द्या, 'पाठवू का' असं विचारत बसू नका. पासपोर्ट नसेल तर निवड होण्याची वाट न पाहता याच आठवड्यात अर्ज करा, कारण व्हिसाची अपॉइंटमेंट त्याशिवाय मिळत नाही.