मुलगी पुन्हा शेतीचंच शिकणार का?

पत्र : मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी. मुलगी बारावी सायन्सला आहे. पिकांच्या डीएनएवर काम करून नवे वाण काढायचे म्हणते. शेतीतून बाहेर पडावी म्हणून तिला शिकवलं, ती पुन्हा तिकडेच वळतेय. यात नोकरी आहे का? बी.एस्सी. अ‍ॅग्री करावं की बायोटेक?

उत्तर : नमस्कार दादा,

हरभऱ्यातली मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, तुम्ही पाहिली असेलच. कर्नाटकातला अण्णिगेरी-1 हा जुना, शेतकऱ्यांच्या आवडीचा वाण तिला बळी पडू लागला. रायचूरचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी मरीला दाद न देणाऱ्या डब्ल्यूआर 315 या हरभऱ्याशी त्याचा संकर केला, आणि बाकी गुण अण्णिगेरीचेच राहावेत म्हणून पुढच्या पिढ्यांचा संकर पुन्हा अण्णिगेरीशीच करत नेला. प्रत्येक पिढीत प्रतिकारक रोप कोणतं, हे एरवी मर लागलेल्या प्लॉटमध्ये पेरून, झाडं वाळेपर्यंत थांबून कळतं. इथं त्यासाठी मार्कर वापरले. मार्कर म्हणजे मरीला दाद न देण्याच्या गुणाशी जोडलेली डीएनएवरची खूण. कोवळ्या रोपाचं पान तपासलं की नको ती रोपं तिथंच वगळता येतात. अशा निवडीतून 2019 मध्ये ‘सुपर अण्णिगेरी-1’ आला. हरभऱ्यातलाच गुण हरभऱ्यात आणला, म्हणून हा जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेला, वाण नव्हे.

तुमची मुलगी म्हणते ते काम हे. ती शेतीपासून दूर जाणार नाही हे खरं, पण पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून राहणंही तिच्या वाट्याला येणार नाही.

माझं स्पष्ट मत, चार वर्षांचं बी.एस्सी. अ‍ॅग्री घ्या आणि एम.एस्सी.ला आनुवंशिकी व वनस्पती पैदासशास्त्र, म्हणजे नवे वाण तयार करण्याचं शास्त्र. मार्करने रोपं गाळली तरी उतारा, दाण्याचा आकार, रोगाचा खरा कस शेवटी शेतातच लागतो, आणि झाड ओळखणारी नजर अ‍ॅग्रीच्या प्लॉटवर तयार होते. प्रयोगशाळाच आवडत असेल तर लातूरचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयही चांगलं. ते परभणीच्या कृषी विद्यापीठाचंच आहे. साध्या कॉलेजातल्या बायोटेकला मात्र मी घाई करणार नाही, त्यानंतर पैदासशास्त्राच्या एम.एस्सी.ची वाट अवघड होते. आणि तिला सांगा, गणित सोडू नकोस. जीनोमचा, म्हणजे पिकाच्या संपूर्ण डीएनएचा, ढीगभर डेटा वाचायला संख्याशास्त्र आणि थोडं कोडिंग लागतंच.

नोकरी आहे, पण लगेच नाही. शास्त्रज्ञ व्हायचं तर पीएच.डी.पर्यंत जावं लागतं, आणि सरकारी जागा दरवर्षी निघतीलच असं नाही. बियाणे कंपन्यांना ब्रीडर, म्हणजे नवे वाण काढणारे, लागतात. जालना आणि हैदराबाद ही त्यांची मोठी ठिकाणं. घरची ओढाताण असेल तर पदवीनंतर नोकरी धरून पुढचं शिकण्याचा पर्यायही ठेवा. आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर एम.एस्सी.चा बराच भार हलका होतो, त्या परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षापासून करावी.

सध्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा अर्ज चुकवू नका. तूर फुलोऱ्यात असेल तेव्हा तिला घेऊन बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रावर जा. तुरीचा बीडीएन 711 हा वाण तिथलाच. तिथल्या ब्रीडरना विचारा, एक वाण काढायला किती हंगाम गेले. उत्तर तिलाच ऐकू द्या, आणि मग तिची इच्छा काय ते पुन्हा विचारा.