मुंबईच्या ग्रीन कार्ड इंटरव्ह्यूला जाताना

अगं, आदल्या रात्री कोल्हापुरातनं महालक्ष्मी एक्सप्रेस धरून नवऱ्याकडं अमेरिकेला जायच्या व्हिसाच्या इंटरव्ह्यूला सकाळी थेट बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेटसमोर उभं राहायचं हा विचार सोड, गाडी लेट झाली तर काय करशील, आणि तसंही मेडिकल नि बोटांचे ठसे इंटरव्ह्यूच्या आधीच उरकावे लागतात, तेव्हा थोडे दिवस मुंबईत कुणाकडं तरी मुक्कामच धर. मेडिकलचं बंद पाकीट हातात दिलं तर ते अजिबात फोडू नको.

खरं लक्ष नावांवर दे. आपल्याकडं पासपोर्टवर वडिलांचं नाव, मॅरेज सर्टिफिकेटवर नवऱ्याचं, जन्मदाखल्यात स्पेलिंग तिसरंच, हे सगळं आत्ताच जुळवून बघ. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सर्टिफाय करून घे. ओरिजिनल सगळे बरोबर ने, मोबाईल मात्र आत चालत नाही.

प्रश्न साधेच असतात गं, स्थळ कुणी आणलं, लग्नाला कोण कोण होतं, नवरा काय काम करतो. कांदेपोहे करून ठरलं असलं तर तसंच सांग, उत्तरं पाठ करू नको, पाठ केलेलं लगेच कळतं. फोटो स्टुडिओतले नकोत, साखरपुडा, हळद, दोघं पन्हाळ्यावर गेलेला असले दे, दोन्हीकडची माणसं दिसू देत.

२२१(जी) चा, म्हणजे व्हिसा तूर्त थांबवल्याचा, कागद मिळाला तर रडत बसू नको, बऱ्याचदा एखादं कागदपत्रच कमी असतं. आणि अमेरिकेत पोचताना लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड २ वर्षांचंच मिळतं, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी आय-७५१, म्हणजे कार्डावरची ही अट काढायचा फॉर्म, भरायचा, तारीख आत्ताच लिहून ठेव.