रस्त्यावर मेलेल्या वाघाटीचे कातडे ठेवता येते का?

प्रश्न : मी जांबोटीजवळच्या एका गावात राहतो आणि रोज पहाटे मोटारसायकलने बेळगावला दूध घेऊन जातो. गेल्या महिन्यात चोर्ला रस्त्यावर वाहनाखाली सापडून मेलेले ठिपक्यांचे एक लहान मांजर मला दिसले. त्याचा फोटो सोबत जोडला आहे. अमेरिकेत अशी मेलेली जनावरे परवाना काढून घरी नेतात, असे मोबाईलवर पाहिले होते. म्हणून कातडे सोलून, मीठ लावून ठेवावे असे मनात आले. पण धीर झाला नाही आणि मी ते कडेच्या झुडपात ठेवून दिले. आपण मारलेले नसताना कातडे ठेवण्यात गुन्हा कसला?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपला धीर झाला नाही, हे फार बरे झाले. फोटोत कपाळावरून डोळ्यांच्या मधोमध उतरलेले पांढरे पट्टे, अंगावरचे तांबूस ठिपके आणि ठिपके नसलेली शेपटी स्पष्ट दिसते. ही वाघाटी आहे. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत आढळणारी ही मांजर जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक असून पूर्ण वाढ झाल्यावरही तिचे वजन साधारण दीड किलोच्या पुढे जात नाही. उसाच्या फडात दिसणारा बाऊल तिच्याहून बराच मोठा, लांब पायांचा आणि जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो.

आता आपला मूळ प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार मृतावस्थेत सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते आणि त्याचे कातडे, नखे, दातही त्यातच येतात. जनावर कोणी मारले, हा प्रश्न येथे दुय्यम आहे; असे काही हाती आले तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्यांकडे कळवावे लागते आणि परवानगीवाचून ते जवळ ठेवणे हाच गुन्हा होतो. वाघाटी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्यामुळे शिक्षा किमान ३ वर्षांच्या कैदेपासून सुरू होते. हा कायदा इतका कडक का, हेही समजून घ्यावे. सुकलेल्या कातड्याकडे पाहून ते चाकाखाली आलेल्या जनावराचे की फासकीत धरलेल्या, हे सहसा सांगता येत नाही. ‘रस्त्यावर सापडले’ ही सबब मान्य झाली, तर प्रत्येक शिकारी तीच सांगेल. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले तरी कायदा हाच आहे.

आपण पाहिलेला परवाना निराळा. उदाहरणार्थ, ओरेगॉन राज्यात २०१९ पासून तो मिळतो, पण हरिण आणि एल्क (तिकडचे एक मोठे हरिण) यांच्या मांसासाठी. शिंगांसह डोके तेथेही वन्यजीव खात्याला जमा करावे लागते.

सोलण्यात जिवाचाही धोका आहे. रेबीज झालेले जनावर भेलकांडत रस्त्यावर येऊ शकते आणि त्याची लाळ हाताच्या बारीक चिरेतूनही शरीरात जाते. अंग थंड पडू लागले की गोचिडी ते सोडून दुसरे अंग शोधतात.

पुढच्या वेळी वळणावर थांबू नका. गाडी पुरेशी बाजूला घेऊन मगच उतरा. जनावराशेजारी किल्ली किंवा नाणे ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. मैलाचा दगड किंवा मोरीही फोटोत घ्या आणि वनखात्याच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. ते सांगेपर्यंत जनावर हलवू नका. या नोंदींचे मोल कातड्याहून कितीतरी अधिक आहे, असे मी मनापासून सांगतो. जांबोटी ते कणकुंबी किंवा खानापूर ते हेमाडगा या रस्त्यांवर एकाच मोरीपाशी पुनःपुन्हा जनावरे मरत असतील, तर गतिरोधक नेमका कोठे हवा हे अशाच नोंदींवरून दाखवता येते. कातडे घरी गेले की ती जागा कोणालाच कळत नाही.

आणखी एक. मेलेली मादी असून तिची आचळे सुजलेली दिसली, तर ते फोनवर आवर्जून सांगा. पिल्ले जवळच्याच ढोलीत किंवा झुडपात असू शकतात. त्यांना हात न लावता, दुरून कुत्र्यांवर लक्ष ठेवत, कर्मचारी येईपर्यंत आपण तेथे थांबू शकलात तर ती वाचण्याची शक्यता वाढते.