बडोद्यात भाड्याचे घर शोधताना

तुमचे काम मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत असेल, तर शोध जवळच्या मांजलपूर आणि तरसालीपासून सुरू करावा. अलकापुरीचे नाव मोठे असले, तरी तिथले जास्तीचे भाडे भरून रोजची ये-जा वाचत नाही. दांडिया बाजार आणि रावपुऱ्याकडे गायकवाडी काळापासून मराठी वस्ती आहे, म्हणून आपली नवखी मंडळी तिकडे ओढली जातात, पण गाडी कुठे लावणार हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

खरा प्रश्न विश्वामित्री नदीचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या पुराचे पाणी शहरातल्या अनेक वस्त्यांत शिरले होते आणि त्याबरोबर मगरीही आल्या होत्या (ही थट्टा नव्हे). म्हणून समा, अकोटा, कारेलीबाग या भागांत घर पाहताना पाणी कुठवर चढले होते, हे दलालाला नव्हे, तर शेजाऱ्यांना विचारावे, आणि तळमजल्याच्या भिंतीला कमरेपर्यंतच नवा रंग दिसला, तर त्याचे कारण विचारायला संकोचू नये.

बाकीच्या चुका नेहमीच्याच:
- रविवारच्या शांत दुपारी घर पाहून लगेच पसंत करणे
- अनामत रकमेची पावती न घेणे

घाई नसावी, पहिला करार ११ महिन्यांचाच करावा, म्हणजे भाग न मानवल्यास पुढच्या वर्षी बदलता येईल.