आयडलिंगचा आरपीएम आणि दुर्लक्षित प्रेशर स्विच

गाडी उभी असताना कॉम्प्युटर (ईसीयू) आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे चालू राहणे, कसे सांभाळतो आणि त्यात सेन्सर व स्विच नेमके काय करतात, असे आपण विचारले आहे. सेन्सरविषयी सगळेच बोलतात, स्विचला मात्र कोणी किंमत देत नाही. त्याच दुर्लक्षाचा त्रास मी सात महिने सोसला आहे.

माझ्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन, पार्किंग करताना स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले की बंद पडत असे. एरवी ते ७५० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) अगदी स्थिर चाले. मेकॅनिकने इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी दोनदा साफ केली, आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह बदलला आणि शेवटी ईसीयूच बदलावा लागेल असे सांगितले. स्टिअरिंग पंपाच्या दाबाच्या नळीवरचा प्रेशर स्विच तपासा, अशी विनंती मी केली, तेव्हा 'एवढ्याशा स्विचने इंजिन बंद पडत नसते' असे उत्तर मिळाले. अखेर घरी वायरिंगचा नकाशा समोर ठेवून मीच स्विचचा कनेक्टर काढला आणि त्यातली सिग्नलची वायर बॉडीला अर्थ केली, तर आरपीएम तत्काळ चढला. म्हणजे वायर, ईसीयू आणि व्हॉल्व्ह ठणठणीत होते. दाब वाढूनही स्विचच लागत नव्हता.

एवढ्याशा स्विचने इंजिन बंद पडते. स्टिअरिंगचा पंप इंजिनावरच चालतो, त्यामुळे स्टिअरिंग वळवले की त्याचा भार इंजिनावर येतो. क्रँकशाफ्ट सेन्सरवरून ईसीयूला आरपीएम घसरल्याचे कळते ते घसरल्यानंतर, आणि व्हॉल्व्हने वाढवलेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचायला आणखी काही क्षण जातात. स्विच मात्र भार चढू लागताच वर्दी देतो. एसीचा स्विच आणि ऑटोमॅटिक गाडीतला पार्क-न्यूट्रल स्विच यांचेही काम हेच. एसीच्या बाबतीत तर अनेक गाड्यांत ईसीयू आधी हवा वाढवतो आणि मगच कॉम्प्रेसरचा क्लच लागू देतो. कूलंट तापमानाच्या सेन्सरवरून थंड इंजिनाचा आरपीएम जास्त ठेवला जातो, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय निघाला हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर कळवतो.

म्हणून कोणताही भाग बदलू देण्यापूर्वी स्कॅनरवर (ईसीयूच्या नोंदी दाखवणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक स्विचची ऑन-ऑफ नोंद बदलते का, हे दाखवण्याचा आग्रह धरा. ते न पाहता ईसीयू बदला म्हणणारा मेकॅनिक, त्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो, तुमच्या पैशाने अंदाज बांधत असतो.

आपल्या गाडीला इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल, तर हा प्रेशर स्विच नसेल. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल, तर बहुधा वेगळा व्हॉल्व्हही नसेल. नकाशा न पाहता कोणतीही वायर अर्थ करू नका, कारण ती पुरवठ्याची निघाली तर शॉर्ट होईल.

मेकॅनिकने काढून टाकलेला जुना व्हॉल्व्ह मी परत बसवला आहे, आणि गाडी आजही त्याच्यावरच चालते.